अकोला लाइनवरची आचल

बडनेरा, नवी वस्ती
रविवार, दुपार

प्रिय आचल,

पाकीट पाहून घाबरली असशील तर आधी पाणी पी. मी बरा आहे, तुझी आई माझ्याहून बरी आहे आणि गच्चीवरची टाकी अजून गळूनच राहिली आहे, म्हणजे घरात सगळं जागच्या जागी आहे. पत्र अशासाठी की ही गोष्ट फोनवर सांगता येत नाही. मी 'तर काय झालं' म्हणेपर्यंत तुझी आई फोन हिसकून घेते आणि गोष्ट शेवटाकडून सांगायला लागते. तिचं आवरलं की तू म्हणतेस, बाबा, शिफ्ट लागली, ठेवते. या गोष्टीला इंजिन पुढे अन् डबे मागे असंच न्यावं लागेल, म्हणून बसलो लिहायला. शाळेतल्या मराठीत लिहायचं ठरवलं आहे, पण मधेमधे वऱ्हाडी घुसेलच. तिला तिकीट लागत नाही.

आधी त्या अंगठ्याचं सांगतो. बुधवारी तुझा मेसेज आला, 'बाबा, मी मुंबई मेट्रोची ही गाडी सोडून तिकडेच रेल्वेत काही पाहू का? खरं सांगा,' आणि मी त्यावर अंगठा पाठवून मोकळा झालो. बाप्पा! मी सगळ्यालाच अंगठा पाठवतो. शुभ सकाळला पाठवतो, कोणाच्या नातवाच्या वाढदिवसाला पाठवतो, उत्तमरावांनी बीपीच्या गोळ्यांचा फोटो टाकला त्यालाही पाठवला होता. तुझा मेसेज मी चष्म्याशिवाय पाहिला. चष्मा लावून वाचला तेव्हा हातातला चहा तसाच राहिला. तो अंगठा म्हणजे 'हो' नव्हता, पोरी. पत्र येईपर्यंत अर्ज-बिर्ज काही करू नको असं घाईघाईनं फोन करून सांगितलं ते त्याचसाठी. आता नीट उत्तर देतो. पण तुझी आई तुला जे सांगून बसली आहे ते अर्धंच आहे, आणि अर्ध्यावरून तू नोकरी सोडायला निघालीस. म्हणून सगळं ऐक.

आपल्या बडनेऱ्यात लाइनचं नाव म्हणजे ती ज्या गावाला जाते त्या गावाचं नाव. नागपूर लाइन, भुसावळ लाइन, अमरावती लाइन, नरखेड लाइन. मी उभी नोकरी यार्डात पॉइंट्समन म्हणून काढली, गाड्या या रुळावरून त्या रुळावर वळवत राहिलो, पण लाइनला रंग असतो हे मला रेल्वेनं कधी शिकवलं नाही. रंग सिग्नलला असतो. लाइनला गाव असतं. फारच लाडकी असली तर माणसाचं नाव मिळतं, जशी मुर्तिजापूरची शकुंतला. तिचं सरकारी नाव कोणाला ठाऊक होतं? यवतमाळचा असो की अचलपूरचा, माणूस 'शकुंतलेनं आलो' म्हणायचा, जसा काही मावशीच्या कडेवर बसून आला. ती बंद पडली, रूळ गवतात गेले, तरी नाव चालूच आहे. अशा मुलखात तू एक दिवस फोन केलास, 'बाबा, मला ॲक्वा लाइन मिळाली!' आणि मी तो आनंद तसाच उचलून स्टेशनबाहेरच्या टपरीवर नेला.

टपरीवर उत्तमराव होते. तुझे उत्तमकाका मालगाडीचे गार्ड, आणि इंजिनाच्या भोंग्यानं माझा डावा कान गेला असं ते सांगतात. गार्ड शेवटच्या डब्यात असतो, त्याला भोंगा कसा लागला हे कोणी विचारत नाही. मी म्हटलं, आचलले ॲक्वा लाइन भेटली. ते म्हणाले, 'अकोला लाइन? बेस झालं! जवळच आली पोट्टी.' मी सुधारलं, अकोला नाही, ॲक्वा. ते म्हणाले, 'तेच म्हणून राहिलो ना मी!' आणि झालं. दोन दिवसांत नवी वस्ती, जुनी वस्ती, सगळीकडे झालं की किसनराव तायड्यांची आचल अकोला लाइनवर गाडी चालवते. भाजीवालीनं मला थांबवून सांगितलं, 'आचलले सांगजा, बोरगावले जराशी थांबत जाय, माहे वडील चढता चढता राह्यतात.' मुर्तिजापूरच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरी तुझ्या आईला म्हणाल्या, मावशी, ताईची गाडी कोणती ते सांगा, आम्ही तिच्यातच बसू. ज्या दिवशी पॅसेंजर लेट व्हायची त्या दिवशी लोक माझ्याकडे अशा नजरेनं पाहायचे जसं काही मीच तुला उशिरा उठवलं.

सुरुवातीला मी प्रत्येकाला सुधारलं. ॲक्वा म्हटलं की एक तर अकोला ऐकू यायचं, नाही तर लोक विचारायचे की पोरगी पाण्याच्या फिल्टरच्या कंपनीत कधी लागली. मग कंटाळलो. आणि खरं सांगू? कंटाळलो हे अर्धं झालं. मला ते गोड वाटायला लागलं. संध्याकाळी आम्ही दोघं स्टेशनच्या पुलावर उभे असतो तेव्हा अकोल्याकडून मेमू पॅसेंजर यायची आणि उत्तमराव म्हणायचे, 'आली पाहा तुमची पोट्टी.' मला ठाऊक असायचं की तू मुंबईला जमिनीखाली आहेस. तरी माझी मान आपोआप वळायची, पुढच्या काचेत कोण आहे ते पाहायला. घरी आलो की तुझी आई विचारायची, कोण होतं? मी म्हणायचो, मिशीवाला होता. हेच तिनं तुला फोनवर सांगितलं ना? की तुझा बाप सगळ्या बडनेऱ्याले अकोला लाइन म्हणू देते अन् पुलावर जाऊन उभा राह्यते? सांगितलं ते खरंच आहे. पण त्यावरून तू जो हिशेब केलास तो चुकला.

दिवाळीनंतर तुझ्याकडे आलो तेव्हा मी ठरवलं होतं की या लाइनचं खरं नाव एकदाचं समजून घेऊ आणि परत जाऊन उत्तमरावांच्या उजव्या कानात सांगू. तिथं तर आणखीच घोळ. तू म्हणतेस ॲक्वा. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला विचारलं, तो म्हणाला मेट्रो थ्री. पाटीवर मार्गिका ३. वर्तमानपत्रात भुयारी मेट्रो. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, अंडरग्राउंड ना, सरळ जा. एका गाडीला एवढी नावं म्हणजे मोठ्या घरातल्या पहिल्या नातवासारखं झालं, जो येईल तो आपल्या आवडीचं ठेवून जातो. तुझ्या आईनं तर खाली उतरताच भिंतीकडे पाहून निकाल दिला, 'ॲक्वा कायचा? हा त रामा कलर आहे.' साडीच्या दुकानात रामा म्हणतात तोच. तेव्हापासून आपल्या घरात ती रामा लाइन. 'मार्गिका' हा शब्द मात्र तिला फारच भावला. म्हणे, नात झाली तर हेच ठेवू. मी म्हटलं, शाळेत पोरं विचारतील, मार्गिका कितवी?

आणि घाटकोपरचं तू अजून मैत्रिणींना सांगून हसतेस, तर माझीही बाजू कागदावर येऊ दे. तू म्हणाली होतीस, मरोळ नाक्यावरून खालची गाडी पकडा, वरची नको. आता रेल्वेच्या माणसाला खालची म्हणजे डाऊन आणि वरची म्हणजे अप. मुंबईकडे जाते ती अप, नागपूरकडे जाते ती डाऊन, हे बडनेरा स्टेशनवरच्या कुत्र्यांनाही पाठ आहे. आम्हाला जायचं होतं बोरीबंदरच्या बाजूला, म्हणजे अपच. मला वाटलं, पोरगी घाईत उलटं बोलून गेली, बापानं सुधारून घ्यावं. म्हणून मी तुझ्या आईला जिने चढवून वरच्या, निळ्या लाइनच्या गाडीत बसवलं आणि आम्ही थाटात घाटकोपरला उतरलो. ती सारखी म्हणत होती, 'आवो, पोट्टीनं मातीखालची सांगतली ना!' पण मी तेव्हा ड्यूटीवर असल्यासारखा झालो होतो, ऐकतो कशाला.

दुसऱ्या दिवशी तू सांगितलेल्या वेळेला, तू सांगितलेल्या गाडीत, बरोबर खालच्या, आम्ही पहिल्या डब्यात बसलो. तुझ्या कॅबिनचं दार बंद होतं. त्या दाराच्या पलीकडे तू. गाडी सुटली ते मला कळलंच नाही, इतकी अलगद सोडलीस. तेवढ्यात पुढच्या स्टेशनचं नाव सांगणारा बाईचा आवाज आला आणि तुझी आई अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, 'माही पोरगी बोलून राहिली!' एका कॉलेजातल्या मुलीनं तिला हळूच सांगितलं की आवाज रेकॉर्ड केलेला आहे, गाडी मात्र माणूस चालवतो. तर तुझी आई म्हणाली, 'माणूस नाई, माही पोरगी चालवते.' मग ती मुलगी उठली आणि दोन-चार जणींना सांगून आली, आणि कफ परेड येईपर्यंत डब्यातल्या बायका आम्हाला वऱ्हाडातल्या पाहुण्यांसारखं वागवत होत्या. मी दुसरीकडे तोंड करून बसलो होतो. तू नंतर विचारलंस, बाबा, डोळे का लाल? मी एसीवर ढकललं. एसीचा काही संबंध नव्हता. जन्मभर मी गाडीखालचे सांधे बदलले, गाडी कोणी दुसराच घेऊन जायचा. त्या दिवशी गाडी माझ्या पोरीच्या हातात होती.

आता जठारपेठ. नाक मुरडू नको, इथून दिसतं. तू मागे स्पष्ट सांगितलं होतंस की स्थळं पाहायची तर पाहा, पण मी गाडी सोडणार नाही, हे पहिल्या चहालाच सांगून टाकत जा. मी कबूल झालो होतो. गेल्या महिन्यात उत्तमरावांनी अकोल्याचं एक स्थळ आणलं. जठारपेठेत चतुराबाई इंगळे म्हणून आहेत, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. यजमान लवकर गेले. एकुलता एक मुलगा अश्विन, त्याचं पाट्यांचं दुकान आहे: घराच्या दारावरच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या. बाईंची अट एकच, सून नोकरीवाली पाहिजेच, पण संध्याकाळी घरी आली पाहिजे. उत्तमरावांना वाटलं, हे तर आपल्यासाठीच ठेवलेलं आहे. अकोला लाइनवरची पोट्टी, अकोल्याचा पोट्टा. तुझा प्लॅटफॉर्मवरचा युनिफॉर्ममधला फोटो त्यांनी माझ्या मोबाइलवरून आपल्या मोबाइलवर घेतला आणि मी काही म्हणायच्या आत जठारपेठेला पोचवला. या मागच्या रविवारचं येणंही ठरवून टाकलं.

ते आले. जय भीम झाला, चहा झाला, आणि पहिल्या चहाला सांगायचं ते माझ्या तोंडातून निघालं नाही. कारण चतुराबाई मला आवडल्या. बाई सरळ बोलणारी. आल्या आल्या तुझ्या आईला म्हणाल्या, तुमच्या गुडघ्याचं काय, चाल बरोबर नाही, आणि तिथंच तिच्या गुडघ्याची वाटी हलवून पाहिली. दोघींचं असं जमलं की मी आणि उत्तमराव त्या घरात फर्निचर झालो. मुलगा शांत. आपल्या दाराच्या चौकटीकडे सारखा पाहत होता. मग पोहे आले आणि चतुराबाईंनी विचारलं, 'पोरगी अकोल्यावरून गाडी घेऊन निघाली त संध्याकाळी किती वाजेपर्यंत परत येते?' तुझ्या आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंडातला शेंगदाणा चावत राहिलो. असा शेंगदाणा बडनेऱ्यात कोणी चावला नसेल. शेवटी तुझ्या आईनंच सांगितलं, 'बाई, पोट्टी अकोला लाइनवर नाई. ॲक्वा लाइनवर आहे.' चतुराबाई म्हणाल्या, 'बरं. ॲक्वा कोणत्या तालुक्यात येते?'

मुंबईत, जमिनीखाली, हे कळल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली. मग मात्र मी तुझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, पोरगी गाडी सोडणार नाही. पोह्यांवर सांगितलं, पण सांगितलं. उत्तमराव लाल. म्हणाले, किसनराव, तुमीच त अकोला म्हटलं होतं. मी म्हटलं, तुमच्या कानानं म्हटलं. ते म्हणाले, मग वर्षभर काहून नाई सुधारलं? यावर मी आवाज चढवला. त्या गोंधळात अश्विन मला एकच गोष्ट विचारत होता की काका, जमिनीखाली स्टेशनचं नाव लांबून दिसते का, पाटीच्या मागून उजेड देतात की वरून? मला वाटलं, पोरगा अर्धवट दिसतो, इथं त्याचं लग्न मोडून राहिलं आणि हा पाटीचा उजेड विचारतो. जाताना चतुराबाई तुझ्या आईला म्हणाल्या, 'घर चांगलं आहे तुमचं. पण लांबची सून मले झेपणार नाई.' तुझ्या आईनं दिलेली संत्री मात्र घेऊन गेल्या. उत्तमराव त्या दिवसापासून दुसऱ्या टपरीवर चहा प्यायला लागले. तिथला चहा एकदम पांचट आहे. पण गेले.

त्या सगळ्यानंतर तुझ्या आईनं तुला फोन केला, शेवटाकडून, आणि तू तो मेसेज पाठवलास. तुला वाटलं, आपल्या गाडीपायी स्थळ मोडलं आणि बाप पुलावर उभा राहून झुरून राहिला. थांब. अजून डबे आहेत.

परवा शुक्रवारी दुपारी दार वाजलं. पाहतो तर अश्विन, एकटाच, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. तुझ्या आईनं पोह्याची कढई चढवलीही, इतका तिला तो पटला होता. बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, 'काका, मले पहिल्यापासून ठाऊक होतं.' मी म्हटलं, काय? म्हणाला, 'फोटोत सगळे आचलले पाहून राहिले होते. मी मागची पाटी वाचली. आमचा धंदाच तो. पाटीवर ॲक्वा लाइन साफ दिसत होतं.' मी विचारलं, मग आईले काहून नाई सांगतलं बावा? म्हणे, 'सांगतलं असतं त ते आलीच नसती. मले वाटे, एक डाव तिनं तुमचं घर पाहावं.' बघ! म्हणजे अकोला लाइन चालू ठेवणारे आम्ही दोघं होतो, एक इकडून, एक तिकडून. तुझी आई म्हणाली, दोघांनाही सारखीच शिक्षा पाहिजे, आणि आणखी पोहे वाढले.

मी त्याला विचारलं, जठारपेठेच्या दुकानाचं काय? आमची पोरगी तर मुंबईची हलणार नाही. तो हसला आणि म्हणाला, 'मुंबईत काय दारं नाईत काय?' आचल, मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. मग आईचं विचारलं. तर म्हणाला, रविवारी परतल्यावर आई घरी दोन दिवस फक्त कुकरशी बोलली. मग संत्रं सोलता सोलता आपणच म्हणाली की ती तरुणपणी मेळघाटात, धारणीच्या दवाखान्यात होती, अश्विन तेव्हा गुडघ्याएवढा, अकोल्याला आजीजवळ. जठारपेठेत लोक तिला अजूनही धारणीवाली सिस्टर म्हणतात. सासूला ते नाव मुळीच आवडायचं नाही, पण सासूनं कधी परत ये म्हटलं नाही, उलट पोराला दाखवायची, तुही माय तिकडं डोंगरात लोकाइले सुया टोचून राहिली. चतुराबाई म्हणाल्या, 'ते म्हातारी माह्यापेक्षा मोठ्या मनाची निघाली, हे मले खपत नाई.' एवढं बोलून त्यांनी संत्रं संपवलं आणि मुलाला विचारलं, त्या पोरीच्या लाइनचं नाव पुन्हा एकदा सांग. अजून त्या अकोलाच म्हणतात, पण आता मुद्दाम, हसून.

तुझा नंबर त्यानं मागितला नाही. म्हणाला, तिले विचारा, तिची मर्जी असली तर बोलू, नसली तर राहू द्या, पण हे ठेवून घ्या, हे तुमच्या दाराचं आहे, त्या दिवशी चौकट पाटीशिवाय उघडी दिसली. मग वर्तमानपत्र सोडलं. पाटी होती. ॲक्रिलिकची, त्याच तुझ्या रंगाची. तुझी आई पाहताच म्हणाली, रामा! वर मोठ्या अक्षरात 'आचल किसनराव तायडे', त्याखाली 'ट्रेन ऑपरेटर, ॲक्वा लाइन, मुंबई', आणि खाली लहान अक्षरात मी आणि तुझी आई. घराच्या मालकाचं नाव लहान का, असं मी विचारणार होतो. पण तुझं नाव पुन्हा एकदा वाचलं.

पाटी दोन दिवस कपाटावर पडून होती. स्क्रू घरात होते, ड्रिल शेजाऱ्यांकडे होतं, तरी मी लावली नाही. का, ते तुझ्या आईला न सांगता कळलं. ही दारावर लागली की बडनेऱ्यात अकोला लाइन बंद. मग भाजीवाली बोरगावला थांब म्हणणार नाही, पुलावर कोणी 'आली पाहा तुमची पोट्टी' म्हणणार नाही. तू लांब आहेस हे दारावरच लिहून ठेवायचं म्हणजे जरा जड गेलं. पण मग मला ते कॅबिनचं बंद दार आठवलं. तिथं मला जे वाटलं ते पुलावर एकाही संध्याकाळी वाटलं नव्हतं. आज सकाळी मी उत्तमरावांना त्या पांचट चहावरून उठवून आणलं, म्हटलं, स्टूल धरा. पाटी लावली. मग त्यांना मोठ्यानं वाचायला लावली. त्यांनी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि म्हणाले, 'अरे, हे त ॲक्वा आहे!' मी म्हटलं, तेच म्हणून राहिलो ना मी! हे माझं उत्तर, पोरी. तो अंगठा खोटा, ही पाटी खरी. जवळ असतीस तर मला आवडलं असतं, फार आवडलं असतं, उगाच लपवू कशाला. पण माझ्यासाठी गाडी सोडू नको. अश्विनचा नंबर पाकिटावर मागच्या बाजूला लिहिला आहे. फोन करायचा की नाही ते सर्वस्वी तुझं, पाटी त्याच्यासाठी लावलेली नाही. तुझी आई म्हणते की मार्गिका हे नाव तिनं राखून ठेवलं आहे. मी म्हटलं, आधी पोरीला पत्र तर वाचू दे. आता पाच वाजत आले, उत्तमराव खाली हाका मारून राहिले, पुलावर जातो. अकोल्याकडची मेमू येईल. पुढच्या काचेकडे पाहणार नाही. पाहिलंच, तर सवय समज.

तुझाच,
वरची आणि खालची आता पक्की पाठ झालेला,
बाबा